सुवालीचा डोह

सुरत हे मोगलांचं सगळ्यात मोठं बंदर, असं पुस्तकात असतं आणि ते खोटं नाही. पुस्तकं एवढंच सांगत नाहीत, की लंडनहून आलेलं भरलं जहाज सुरतेच्या किल्ल्याखाली लागत नसे. तापीच्या तोंडाशी गाळाचा उंबरठा आहे. भरती साधून होड्या, मचवे, हलकी गलबतं त्यावरून आत सरकत. मोठं जहाज तिथे रुतून बसलं असतं. म्हणून ती जहाजं शहरापासून दहा-बारा मैल पश्चिमेला, नदीच्या उत्तर अंगाला, सुवाली नावाच्या गावासमोर नांगर टाकत. किनारा आणि समुद्रातला वाळूचा दांडा यांच्या मधोमध तिथे खोल पाण्याची एक लांबट पट्टी होती. मी तिला डोह म्हणतो. या देशात इंग्रजांचा पाय पहिल्यांदा टिकला तो या डोहामुळे, असं माझं मत आहे. ते बखरी वाचून झालेलं नाही, तळ मोजून झालेलं आहे.

मी मूळचा सारंगखेड्याचा, तापीकाठचा. राहतो सुरतेच्या नवागामात, उधन्याच्या पलीकडे, दिंडोलीला लागून. आमच्या गल्लीतली निम्मी दारं शिंदखेडा, शहादा, अमळनेर, पारोळ्याची. सकाळी नळावर अहिराणी ऐकू येते, दुकानात गुजराती, आणि लग्नपत्रिका मराठीत छापल्या जातात. बहुतेकांचं पोट लूमच्या खात्यावर किंवा डाइंग मिलमध्ये चालतं. माझं मात्र समुद्रावर चाललं. हजिऱ्याला ड्रेजिंगच्या एका ठेकेदाराकडे मी सर्व्हे बोटीवर मदतनीस म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

आमचं काम सोपं होतं, पण त्यात चूक चालत नसे. बोटीखाली एको साउंडर असतो. तो आवाज सोडून तळाची खोली सांगतो. पण त्याचं ऐकण्याआधी रोज सकाळी त्याची परीक्षा घ्यायची. खुणा केलेल्या साखळीला लोखंडी पट्टी बांधून दोन मीटर, चार मीटर, सहा मीटर अशी खाली सोडायची आणि यंत्र तेवढंच दाखवतं का ते बघायचं. तेव्हाच दुसरा माणूस किनाऱ्यावर, मीटरच्या खुणा रंगवलेल्या फळीसमोर छत्री घेऊन बसलेला असे. दर दहा मिनिटांनी पाणी कुठे पोचलं ते वहीत लिहायचं. यंत्राने सांगितलेल्या खोलीतून ही भरती वजा केली की खरी खोली मिळते. ही वजाबाकी इथे फार मोठी असते. मुंबईला उधाणाची भरती चार-पाच मीटर चढते. हजिरा-सुवालीला सहा-सात मीटर. भावनगरकडे जावं तशी ती आणखी वाढत जाते. खंभातचं आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं आहे. बाहेरून येणाऱ्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही, मग ते वर चढतं. सहा तासांत दोन मजले पाणी येतं आणि पुढच्या सहा तासांत तेवढंच निघून जातं. दिवसातून दोनदा. असं पाणी नुसतं वर-खाली होत नाही, ते किनाऱ्याला समांतर धावतं, आणि धावताना तळ खरवडतं.

सुवालीची सगळी भूगर्भकथा या धावण्यात आहे. इथे कोकणासारखा खडक नाही. रत्नागिरीला किंवा मुरूडला लपलेली खाडी म्हणजे दोन डोंगरांच्या मधे शिरलेला समुद्र. डोंगर हलत नाहीत म्हणून खाडीही हलत नाही. सुरतेच्या किनाऱ्यावर सगळं मऊ आहे. अग्निजन्य खडक आहे, पण तो खोल खाली. वर नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे थरावर थर. शेवटचं हिमयुग सरल्यावर समुद्र चढत आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या पातळीला स्थिरावला. तेव्हापासून तापी गाळ आणते आहे आणि भरती-ओहोटी तो रचते आहे. ज्या दिशेने प्रवाह धावतो त्याच दिशेने वाळूचे लांब दांडे पडतात, आणि दोन दांड्यांच्या मधे प्रवाहाने कोरलेली वाट राहते. खंभातच्या आखातात असे दांडे जागोजाग आहेत. सुवालीसमोरचा दांडा किनाऱ्याच्या पुरेसा जवळ होता, पुरेसा उंच होता आणि मधली वाट पुरेशी खोल होती. एवढाच काय तो योग.

ती वाळू आली कुठून? आमच्याकडून. तापी मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूरवरून खानदेशात उतरते आणि ७२४ किलोमीटर चालून डुमस-हजिऱ्याच्या मधून समुद्राला मिळते. वाटेतला सगळा मुलूख काळ्या फत्तराचा आणि काळ्या कपाशीच्या जमिनीचा. सारंगखेड्याला पूर ओसरला की काठावर चिकण गाळ राहायचा, आणि पाणी खाली गेल्यावर पात्रातल्या वाळूत आमचे लोक डांगरमळे लावायचे. काठावर थांबला तेवढा गाळ आमचा, बाकीचा पुढे. त्यातली माती समुद्र दूर नेतो, जड काळे कण किनाऱ्यावर मागे राहतात. डुमस आणि सुवालीची वाळू काळपट दिसते ती त्यामुळे. भुताखेतांच्या गोष्टी त्या काळेपणावर पुष्कळ रचल्या गेल्या आहेत. पोरांच्या हातात लोहचुंबक द्या आणि वाळूतून फिरवायला सांगा. चुंबकाला काळी मिशी फुटते, आणि भूत तिथेच उतरतं.

जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली १८७७ साली निघालेल्या सुरत-भरूचच्या गॅझेटियरात या जागेचं माप आहे. लांबी सुमारे सात मैल, रुंदी दीड मैल. ओहोटीला दांडा उघडा पडायचा आणि डोहातलं पाणी मधेच राहायचं. भरतीला दांड्यावरून पाणी यायचं, पण लाट मोडून यायची. बाहेर समुद्र उसळत असताना आत जहाज शांत उभं. आत शिरायचं ते मात्र वेळ पाहूनच, आणि ज्याचा तळ फार खोल त्याने शिरूच नये.

पोर्तुगीजांच्या कॅरॅक आणि गॅलियन जहाजांचा तळ फार खोल होता. इतिहास तिथे वळला, असं मला वाटतं.

विल्यम हॉकिन्स ऑगस्ट १६०८ मध्ये 'हेक्टर' घेऊन सुरतेला आला तेव्हा त्याला हा डोह ठाऊक नव्हता. जहाज नदीच्या तोंडाबाहेर उघड्या समुद्रात, आणि माल होड्यांतून वर. पोर्तुगीजांच्या वल्ह्यांच्या चपळ होड्या नदीच्या तोंडावर टपून बसल्या की सगळं ठप्प. १६११ च्या शरदात सर हेन्री मिडलटन आला. पोर्तुगीजांनी त्याला किनाऱ्याला लागू दिलं नाही, म्हणून त्याची छोटी जहाजं तळ चाचपत उत्तरेकडे सरकली. दोरीला शिशाचा गोळा, किती वाव पाणी ते ओरडून सांगायचं, लिहायचं, पुढे जायचं. ते काम मी यंत्राने केलं, त्यांनी हाताने. तशी चाचपणी करताना त्यांना सुवालीची वाट सापडली. मोठी जहाजं किनाऱ्याच्या इतकी जवळ आली, की माणूस उतरवायचा तर तोफांच्या आडोशाने उतरवता यावा. पोर्तुगीजांना ही जागा आधीच माहीत होती असंही गॅझेटियर नोंदवतं. माहीत असून उपयोग नव्हता; त्यांच्या मोठ्या जहाजांना ती पेलणारी नव्हती.

पुढच्याच वर्षी थॉमस बेस्ट 'रेड ड्रॅगन' आणि 'होसिअँडर' अशी दोन जहाजं घेऊन आला. ऑक्टोबरात त्याने सुरतेच्या अधिकाऱ्यांशी करार केला, त्यात जकात साडेतीन टक्के ठरली. नोव्हेंबराच्या शेवटी नुनो द कुन्हा चार गॅलियन आणि पंचवीस-एक लहान जहाजांचा ताफा घेऊन त्याला हुसकायला आला. इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे २९ आणि ३० नोव्हेंबर १६१२ ला लढाई झाली. दुसऱ्या दिवशी बेस्ट पोर्तुगीज रांगेतून आरपार गेला आणि तीन गॅलियन वाळूवर चढले. भरती आल्यावर ते सुटले, पण जे दिसायचं ते किनाऱ्यावरच्या मोगल अंमलदारांना दिसलं होतं. जानेवारी १६१३ मध्ये बादशाही मंजुरी आली आणि सुरतेत इंग्रजांची वखार उभी राहिली. इंग्रज लेखक या लढाईचं श्रेय बेस्टच्या धैर्याला देतात. द्यावं. मी निम्मं वाळूला देतो. परक्या तळावर ओहोटीचा हिशेब चुकला की तोफा कितीही असोत, जहाज कलंडतं आणि त्या आकाशाकडे रोखल्या जातात.

जाता जाता एक. भारतीय नौदल आपली वंशावळ सांगताना कित्येक वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या या १६१२ च्या ताफ्यापर्यंत जाऊन पोचायचं. २०२२ साली नौदलाच्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आमच्या नवागामात त्या दिवशी पेढे वाटणारे होते. त्यांतल्या कुणाला, जुनी वंशावळ जिथून सुरू व्हायची ती जागा आपल्या घरापासून तास-सव्वा तासावर आहे, हे माहीत नव्हतं.

जानेवारी १६१५ मध्ये गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय जेरोनिमो द अझेवेदो स्वतः मोठं आरमार घेऊन आला. तेव्हा इंग्रजांचा सरदार होता निकोलस डाउंटन. हा माणूस मला बेस्टपेक्षा जास्त आवडतो, कारण त्याने डोहाचा स्वभाव ओळखला होता. तो बाहेर पडला नाही. मोठे गॅलियन आत येऊ शकत नव्हते. लहान होड्या आल्या, 'होप' जहाजावर चढल्या, झटापट झाली, त्या परतवल्या गेल्या. मग रात्री पेटत्या होड्या सोडून झाल्या, त्याही वाया गेल्या. फेब्रुवारीत व्हाइसरॉय निघून गेला. ना कुठे शौर्याचा मोठा पवाडा, ना समोरासमोरची झुंज. नुसतं उथळ पाण्याच्या आड बसून राहणं. पोर्तुगीजांचा या किनाऱ्यावरचा शंभर वर्षांचा दरारा त्या बसून राहण्याने उतरला.

आता वाटेबद्दल. जागा जितकी आडोशाची, तितकी तिथून बाहेर पडण्याची पंचाईत. सुवाली तापीच्या पश्चिम-उत्तर काठाला, सुरत दक्षिणेला. मधे नदी. माल जायचा दोन वाटांनी. जड गाठोडी मचव्यांत भरून किनाऱ्याने तापीच्या तोंडाशी, तिथून भरतीबरोबर वर, थेट जकातीच्या फुर्ज्यापर्यंत. माणसं आणि हलकं सामान बैलगाडीने, नाहीतर पालखीने, सपाट माळावरून रांदेरच्या बाजूला आणि मग नावेने शहरात. सुरतेला तापीवर पक्का पूल, ज्याला आम्ही अजून होप पूल म्हणतो, तो झाला १८७७ साली. तोवर जो कोणी सुवालीहून आला, तो नावाड्याला पैसे देऊनच आला.

सर थॉमस रो, जहांगीराच्या दरबारी निघालेला इंग्रज राजाचा वकील, सप्टेंबर १६१५ मध्ये सुवालीलाच उतरला. सुरतेचे अधिकारी किनाऱ्यावर तंबूत गालिच्यावर बसून होते. ते उठून उभे राहीपर्यंत रो पुढे आला नाही. मग सामानाच्या झडतीवरून हुज्जत झाली. या मानापमानाची वर्णनं तिकडच्या पुस्तकांत चवीने येतात. मला त्याच्या पुढच्या प्रवासात जास्त रस आहे. सुरतेहून तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला गेला. म्हणजे सुवालीहून निघालेला रस्ता आमच्या खानदेशातूनच हिंदुस्थानात शिरायचा. सुरतेचा बऱ्हाणपुरी दरवाजा त्या रस्त्याचाच. पुढे १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याचा रेल्वेमार्ग झाला तो जवळपास त्याच अंगाने, आणि आम्ही नवागामात आलो ते त्या रुळांवरून, उलट्या दिशेने.

जहाजांचा हंगाम सप्टेंबर ते मार्च. नैऋत्येचा वारा सुटला की दांड्याचा आडोसा पुरत नसे, त्यामुळे पावसाळ्यात सुवाली ओस. पण हंगामात जहाज लागलं रे लागलं, की शहरातले वाणी गाड्या जोडून येत आणि किनाऱ्यावर झापांच्या, कापडांच्या दुकानांची रांग लावत. जत्राच. सुती कापड, चिनी साटीण आणि चिनी मातीची भांडी, शिंपल्यांनी मढवलेल्या पेट्या, अकीक, पिरोजे. शिवाय खलाशांना लागणारं तांदूळ, साखर, केळी आणि दारू. आमच्याकडे दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत अशीच पालं पडतात. इंग्रज, डच आणि नंतर फ्रेंच, तिघांचीही सुवालीत लहानलहान घरं होती, गोदामं होती. इंग्रज वखारीच्या प्रमुखाचा तर बागेसह ऐसपैस बंगला होता. उन्हाळा सुरू झाला, की सगळं उचलून शहरात.

इथे एक वेडा पाहुणा कायमचा राहिला. टॉम कोर्याट नावाचा इंग्रज अलेप्पोहून पायी चालत जहांगीराच्या अजमेरला पोचला होता. १६१७ च्या अखेरीस तो सुरतेला आला, आधीच पोटाने आजारी. देशबांधवांनी प्रेमाने मद्य पाजलं आणि तो गेला. सुवालीच्या वाटेवर राजगरी गावाजवळ एक घुमटी आहे, ती त्याची कबर म्हणून पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली आहे. पायी जग हिंडणारा माणूस जहाजांच्या वाटेवर पुरला गेला.

मराठी वाचकाला सुवाली का माहीत असावी, याचं खरं उत्तर १६६४ आणि १६७० मध्ये आहे. सुरतेवरच्या दोन्ही स्वाऱ्या आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या चौथीच्या पुस्तकात सुरत होती, इनायतखान होता, किल्ल्यात दडून बसलेला, सुवाली नव्हती. ६ जानेवारी १६६४ ला शिवाजी महाराज गणदेवी, उधना करत शहरावर आले. ते उधना म्हणजे आमचं उधना. नवागामच्या पोरांना मी हे सांगितलं, की त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच पाणी चढतं. तळ पडला बऱ्हाणपुरी दरवाज्याबाहेरच्या बागेत. शहर चार दिवस जळत होतं. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन याने सुवालीला उभ्या जहाजांवरून माणसं बोलावून घेतली आणि वखार धरून ठेवली. अँथनी स्मिथ नावाचा कंपनीचा नोकर त्याच वेळी सुवालीहून शहराकडे येत होता. तो मराठ्यांच्या हाती सापडला. महाराजांच्या छावणीचं प्रत्यक्ष पाहिलेलं वर्णन इंग्रजांच्या कागदांत आलं, ते त्याच्या तोंडून.

१६७० च्या ऑक्टोबरात महाराज दुसऱ्यांदा आले तोवर इंग्रज शहाणे झाले होते. मराठे येणार अशी कुणकुण लागताच वखारीचा तेव्हाचा प्रमुख जेराल्ड आँजियर आणि त्याचं मंडळ मालाचा मोठा भाग घेऊन सुवालीला जाऊन बसलं. वखार राखायला स्ट्रेनशॅम मास्टर हा तरुण थोडे खलाशी घेऊन शहरात आला, आणि त्याने ती राखली. त्याबद्दल कंपनीने पुढे त्याला सुवर्णपदक दिलं. आपल्याकडे चर्चा होते ती वखार का वाचली याची. इंग्रज चिवटपणे लढले, महाराजांनी त्यांना फार छेडलं नाही, वगैरे. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण तराजू घेऊन बघा. वखारीत होतं ते थोडं, सुवालीला होतं ते पुष्कळ. घोडदळाला सुवाली गाठायची तर तापी ओलांडायची, माळ तुडवायचा, आणि शेवटी जहाजांच्या तोफांसमोर उघड्या वाळूवर उभं राहायचं. आणि इतकं करूनही माल होड्यांत चढवून दांड्यामागे नेलेला असायचा. सुरतेला तट होता, खंदक होता, किल्ला होता. तिची लूट झाली. सुवालीला यातलं काही नव्हतं, तिथे मराठ्यांचा घोडा पोचला नाही.

महाराजांना हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचं दीडशेच्या वर लहान जहाजांचं आरमार मुंबईवरून उत्तरेकडे निघालं होतं. इंग्रजांच्या पत्रांत त्याची धास्ती दिसते. ते अर्ध्यातून परतलं. ते आरमार तापीच्या तोंडापर्यंत येतं तर काय झालं असतं, यावर आमच्या बोटीवर जेवणाच्या सुट्टीत वाद व्हायचे. माझं म्हणणं असं, की मराठ्यांची गलबतं हलकी, उथळ तळाची. ज्या दांड्याने गॅलियन अडवले तो त्यांना अडवू शकला नसता. सुवालीच्या डोहाला भ्यायला हवं होतं ते कोकणातल्या त्या गलबतांना. ती आली नाहीत, म्हणून माझा हा निकाल बोटीवरच राहिला.

डोहाचं नशीब फिरवलं ते मुंबईने. १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडावर कंपनीला मिळालं. तिथे खडक होता, खोल पाणी होतं आणि पावसाळ्यातही आसरा होता. वाळूच्या दांड्यामागे बारा महिन्यांतले पाच महिने रिकामं बसायची गरज संपली. १६८७ मध्ये कंपनीने मुख्य ठाणं मुंबईला हलवलं. सुरतेचा व्यापार पुढेही चालला, जहाजं सुवालीला येत राहिली, पण कमी कमी होत. दांडे सरकतात, वाटा भरतात. प्रवाह एका जागी कोरतो आणि दुसऱ्या जागी टाकतो. गॅझेटियर लिहिलं जाईपर्यंत सुवाली ही जुनी आठवण झाली होती.

यानंतर शंभर वर्षांनी त्याच किनाऱ्यावर हजिरा उभं राहिलं. समुद्रातला वायू इथे जमिनीवर येतो. खताचा कारखाना, वायू प्रक्रियेचा प्रकल्प, पोलाद, आणि २००५ पासून द्रवरूप वायूची जहाजं उतरवणारं टर्मिनल. घोघ्याहून येणारी फेरीही २०२० पासून हजिऱ्याला लागते. आता जहाजं अशी, की 'रेड ड्रॅगन' त्यांच्या डेकवर मावेल. त्यांना दांड्यामागचा डोह नको, आमच्यासारख्यांनी मोजून आणि ड्रेजरने उकरून राखलेली वाट लागते. तापी मात्र जुना धंदा सोडत नाही. १९७२ नंतर उकाईच्या धरणात आमचा पुष्कळ गाळ अडतो, तरी २००६ च्या ऑगस्टात पूर आला, सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला, आणि पूर ओसरल्यावर आम्ही बोट काढली तेव्हा ओळखीच्या जागी तळ वर आलेला होता. उकरलेली वाट म्हणजे रोज झाडावं लागणारं अंगण. वाळूने ती भरायची, माणसाने पैसे ओतून पुन्हा रिकामी करायची. सतराव्या शतकात समुद्र हे काम फुकट करत होता, याची किंमत बिलं बघितल्यावर कळते.

सुवालीचा किनारा आज सुरतकरांच्या रविवारचा आहे. सरकार तिथे बीच फेस्टिव्हलही भरवतं. नवागामहून एखादं कुटुंब टेम्पो करून जातं आणि ओहोटीला पोचतं. समोर काळपट चिखल-वाळूचा माळ, पाणी दूरवर चकाकणारी रेघ. आमच्या शेजारच्या आजी पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "आठे समुद्र शे तरी कोठे?" मग पोरं त्या रेघेकडे चालू लागतात. इथेच घात होतो. किनाऱ्याला उतार जवळजवळ नाही, पण तो सरळही नाही. मधे खोलगट पट्ट्या आहेत, पुढे पुन्हा उंचवटा. पाणी परततं तेव्हा समोरून लाट होऊन येत नाही. आधी मागच्या खोलगटात भरतं, बाजूने, गुपचूप. उंचवट्यावर उभा असलेला माणूस कोरडाच असतो, आणि त्याच्या व किनाऱ्याच्या मधे कमरेइतकं, मग गळ्याइतकं पाणी होतं, तेही धावतं. जहाजांना ज्या रचनेने सांभाळलं तीच रचना पोहता न येणाऱ्या माणसाला बुडवते. इथे बुडून मेल्याच्या बातम्या येत राहतात, आणि त्यात आमच्या बाजूची नावं असतात.

तेव्हा जा, जरूर जा. अडाजण, पाल, इच्छापोर, कवास, मोरा अशी वाट आहे. रस्ता चांगला, ट्रक फार. वाटेत राजगरीची घुमटी पाहा. पण निघण्याआधी हजिऱ्याचं टाइड टेबल बघा, फोनवर फुकट मिळतं. पाणी उतरत असताना वाळूवर जा, ओहोटी तळाला लागायच्या आधी मागे फिरा, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तर खोलगट पट्टी ओलांडून दांड्यावर अजिबात जाऊ नका, आणि पोराचा हात सोडू नका.